ढगातला संगणक आणि आपला वजनकाटा

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



ऊस नोंद, तोडणी प्रोग्राम, काट्यावरची वजने आणि ऊसबिले हे सारे दप्तर ‘क्लाऊड’वर न्यावे की न न्यावे, हा विषय सध्या कारखान्यात चर्चेला आहे. गटसभांतून त्यावर जे प्रश्न विचारले जातात ते अगदी रास्त आहेत. “आमची लागण तारीख ढगात ठेवणार म्हणजे नेमकी कुठं?” “रेंज गेली तर गाडी काट्यावर ताटकळत ठेवणार काय?” “कारखाना आपला, मग दप्तर दुसऱ्याच्या दारात कशाला?” हा विषय संगणक विभागाचा, त्यात शेतकी खात्याने का पडावे, असे कोणी म्हणेल. पण लागण तारखेची नोंद आमचे कर्मचारी तुमच्या बांधावर येऊन करतात आणि त्या एका तारखेवर तोडीची पाळी ठरते. ती नोंद कुठे राहणार, कोणाच्या ताब्यात राहणार, हे सभासदांना समजावून देणे आम्ही आमचेच काम समजतो.

पहिली गोष्ट, ढगात काहीही ठेवले जात नाही. दूरच्या जाळ्याचा नकाशा काढताना तिकडच्या तारा कुठून कुठे जातात हे दाखवायची गरज नसली, की इंजिनिअर मंडळी कागदावर ढगाचा आकार काढून मोकळी होत. तेच नाव पुढे चिकटले. प्रत्यक्षात ते जमिनीवरचे मोठे थोरले गोदाम असते. साखरेच्या पोत्यांऐवजी आत संगणकांच्या थप्प्या, त्यांना गार ठेवणारी यंत्रणा, जनरेटर आणि दारावर कडक पहारा. अशी गोदामे आता आपल्याजवळही आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथून ही सेवा सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईतून. सरकारी खात्यांसाठी केंद्र सरकारची ‘मेघराज’ नावाची योजना २०१४ पासून आहे. नाव मात्र झकास शोधले आहे.

तेव्हा क्लाऊड म्हणजे दुसऱ्याचा संगणक, भाड्याने आणि मीटरवर. मीटरवर, हा शब्द महत्त्वाचा. कृषिपंपाला मीटर नसला की बिल अश्वशक्तीवर येते. मोटार दिवसभर चालवा नाही तर पावसाळाभर बंद ठेवा, आकडा तोच. स्वतःचा सर्व्हर विकत घेणे हे तसेच आहे. आपल्या कारखान्याचेच पाहा. गळीत हंगामात रात्रंदिवस गाड्यांची नोंद चालू असते, पंधरवड्याची बिले निघतात, तेव्हा सर्व्हरला दम लागतो. हंगाम संपला की तोच सर्व्हर पावसाळाभर एसीची हवा खात बसतो. पण विकत घेताना मात्र सर्वांत गर्दीच्या दिवसाचा विचार करूनच घ्यावा लागतो. क्लाऊडवर जेवढा वापर तेवढे बिल.

ही कल्पना काही कालची नव्हे. जॉन मॅकार्थी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली एम.आय.टी. या संस्थेच्या शताब्दी समारंभात सांगून ठेवले होते, की टेलिफोनप्रमाणे संगणकाची सेवाही एक दिवस सार्वजनिक सोय म्हणून मिळू शकेल. ते प्रत्यक्षात यायला पंचेचाळीस वर्षे गेली. मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने माहिती साठवण्याची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चालू संगणकच भाड्याने दिला. दर, एका मशीनला एका तासाला १० सेंट. अर्ज नाही, कोटेशन नाही, गडी पाठवायला नको. आपणच पडद्यावर मागायचे, काही मिनिटांत मशीन हजर, काम झाले की परत. याला ते लोक ‘सेल्फ-सर्व्हिस’ म्हणतात. अमेरिकेच्या प्रमाण-मापे ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०११ साली क्लाऊडची व्याख्या केली, तीत पहिले लक्षण हेच लिहिले आहे : मागणाऱ्याने स्वतः मागावे, मध्ये माणूस नसावा.

कालव्याच्या पाण्यासाठी नमुना नंबर ७ भरून पाळीची वाट पाहणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. मोठ्या कंपन्यांतही संगणक मिळवणे असेच होते. ज्याला काम करायचे त्याने मागणी लिहायची, वरिष्ठांची सही, खरेदी खात्याची तीन कोटेशने, मग ऑर्डर, मग माल येणार, मग बसवणारा येणार. तोवर कामाचा वाफसा निघून जायचा. सहकारी संस्थेत खरेदी समिती कशी चालते यावर आम्ही अधिक लिहीत नाही, आम्हाला इथेच नोकरी करायची आहे.

आता एक खरे उदाहरण सांगतो, म्हणजे यातले मर्म कळेल. अमेरिकेतले ‘न्यूयॉर्क टाइम्स’ हे वर्तमानपत्र १८५१ पासून निघते. १८५१ ते १९२२ या काळातले जुने लेख त्यांना संगणकावर वाचकांसाठी खुले करायचे होते. जुन्या अंकांची छायाचित्रे घेतलेली होती, पण एकेका लेखाचे तुकडे झालेले. मथळा एकीकडे, रकाने दुसरीकडे. ते तुकडे जोडून प्रत्येक लेखाचे एक पान तयार करायचे होते. कच्च्या मालाचे वजन ४ टेराबाईट. २००७ साली डेरेक गॉटफ्रिड नावाच्या तिथल्या प्रोग्रामरने हिशेब मांडला, तर चार मशीनवर हे काम बराच काळ रेंगाळणार असे दिसले. मग त्याने ॲमेझॉनकडून जास्त मशीन मंजूर करून घेतली (म्हणजे विनवणी थोडी तिथेही करावी लागलीच) आणि शंभर मशीनवर सारे काम चोवीस तासांच्या आत उरकले. भाड्याचा हिशेब तुम्हीच करा. शंभर मशीन, चोवीस तास, तासाला १० सेंट. २४० डॉलर झाले. त्या वेळच्या दराने दहा हजार रुपयांच्या आतबाहेर. माल ठेवण्याचे भाडे वेगळे.

यात स्वस्ताई हा एक भाग झाला. खरी गंमत पुढे आहे. हेच काम एका मशीनवर शंभर दिवस चालवले असते तरी भाडे २४० डॉलरच झाले असते. शंभर कोयते एक दिवस किंवा एक कोयता शंभर दिवस, पैसा सारखाच. आणि ऊस शंभर दिवस फडात उभा राहिला तर वजनाचे आणि उताऱ्याचे काय होते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. शंभर कोयते एका दिवसापुरते मिळणे आपल्या धंद्यात अशक्य. तिकडे उचल नाही, पळून जाणारी टोळी नाही, दुसऱ्या दिवशी सगळे परत.

पण शंभर कोयते आणले म्हणजे तोड झाली असे नसते. कोणी कोणत्या सरीत शिरायचे, मोळ्या कोणी बांधायच्या, एखादा आजारी पडला तर त्याची सरी कोणाला द्यायची, हे पाहायला मुकादम लागतो. संगणकाच्या जगात या मुकादमाला ‘मिडलवेअर’ म्हणतात. वर आपला प्रोग्राम, खाली मशीन, आणि मधली सगळी व्यवस्था ती मिडलवेअर. न्यूयॉर्क टाइम्सच्या कामात ‘हडूप’ नावाचा मुकादम होता. त्यानेच लेख शंभर मशीनमध्ये वाटून दिले. (हडूप हे नाव, तो तयार करणाऱ्याच्या मुलाकडे एक खेळण्यातला हत्ती होता, त्याचे. शिकलेले लोकही नाव ठेवताना असेच ठेवतात.)

मिडलवेअरचा दुसरा नमुना आपण रोज केनयार्डात पाहतो. शेतातून गाड्या येतात त्या सगळ्या एकदम गव्हाणीवर जात नाहीत. नंबर मिळतो, गाडी यार्डात उभी राहते, गव्हाण मोकळी होईल तशी पुढे सरकते. गाड्या कमी-जास्त आल्या तरी गव्हाणीला सारखा ऊस मिळतो, आणि मिल थोडा वेळ बंद पडली तरी शेतातल्या तोडीला लगेच खीळ बसत नाही. यार्ड नसते तर दोन्हीकडे बोंब. संगणकातही असेच ‘क्यू’ नावाचे यार्ड असते. एका प्रोग्रामने निरोप टाकायचा, दुसऱ्याने सवडीने उचलायचा, मध्ये एखादा बंद पडला तरी निरोप हरवता कामा नये. असे यार्ड घरी बांधायचे तर जाणकार माणसे लागतात. ॲमेझॉनने ते २००६ पासून भाड्यानेच द्यायला सुरुवात केली. गुगलने २००८ साली त्याहून पुढची पायरी आणली, मायक्रोसॉफ्टची सेवा २०१० साली खुली झाली. तुम्ही फक्त प्रोग्राम लिहून द्या, खालचे मशीन, साठवण, नंबराची व्यवस्था, राखण, सगळे आम्ही पाहतो, असा तो करार. याला ‘प्लॅटफॉर्म’ म्हणतात.

शेतीच्या भाषेत सांगायचे तर नुसते मशीन भाड्याने घेणे म्हणजे मोकळे रान खंडाने घेणे. नांगरट, सऱ्या, पाणी सगळे तुम्ही बघा. प्लॅटफॉर्म घेणे म्हणजे सऱ्या सोडलेले, ठिबक अंथरलेले, खताची टाकी जोडलेले रान मिळणे. तुम्ही बेणे आणा आणि लावा. आणि तिसरा प्रकार, तयार सॉफ्टवेअरच भाड्याने, म्हणजे सरळ दुकानातून साखर आणणे. तिन्हींत एक गोष्ट सारखी : रान कोणाचेही असो, बेणे कोणते लावले आणि फाटकाची किल्ली कोणाकोणाला दिली याची जबाबदारी आपली. ती कंपनी घेत नाही, करारात तसे स्पष्ट लिहिलेले असते.

आमच्या खात्याच्या कामातला एक दाखला देतो. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांची जोडी २०१७ साली पूर्ण झाली आणि त्यांची छायाचित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. दहा मीटरचा तुकडा दिसेल इतकी स्पष्ट, आणि साधारण पाच दिवसांनी नवीन. पूर्वी असे चित्र मिळाले तरी ते उघडायला भारी मशीन आणि शिकलेला माणूस हवा. आता गुगलच्या ‘अर्थ इंजिन’ या प्लॅटफॉर्मवर ही सारी छायाचित्रे आधीच रचून ठेवलेली आहेत. चित्र आपल्याकडे आणायचे नाही, आपला प्रश्न तिकडे पाठवायचा. संशोधन संस्थांना व विद्यापीठांना ते विनामूल्य आहे, धंद्यासाठी पैसे पडतात. कृषी पदविका घेतलेल्या माणसालाही थोड्या शिकवणीवर कोणत्या शिवारात ऊस जोमात आहे आणि कुठे पिवळा पडू लागलाय हे चावडीत बसून पाहता येते. पावसाळ्यात मात्र खरे ढग आडवे येतात, तेव्हा बांधावर गेल्याशिवाय इलाज नाही.

गर्दीचा दाखला तर प्रत्येक घरात आहे. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील लोकांसाठी करोना लसीची नोंदणी ‘कोविन’वर खुली झाली. त्या एका दिवसात सव्वा कोटीहून जास्त लोकांनी नावे नोंदवली. एवढा लोंढा एका खोलीतल्या सर्व्हरने पेलला नसता. तरीही सुरुवातीला ते अडखळले होते, ओ.टी.पी.ची वाट पाहत बसलेले लोक आम्हाला आठवतात. क्लाऊड म्हणजे जादू नव्हे, एवढे त्यातून घ्यावे.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख विक्रेत्याच्या माहितीपत्रकासारखा होईल.

मीटरचे सुख आणि मीटरचे दुःख एकच, ते फिरत राहते. ज्याला कोणाला बटण दाबायची परवानगी, तो मशीन चालू करतो. बंद करायचे राहून गेले तर रात्रभर मोटार चालून रान चिबडावे तसे बिल वाढते, आणि महिनाअखेरीस कागद हातात पडल्यावर समजते. म्हणून ज्या कंपन्यांनी सेल्फ-सर्व्हिस नीट राबवली त्यांनी खर्चाची मर्यादा, कोणी काय मागवावे याची यादी आणि प्रत्येक मशीनवर खात्याचे नाव, हे आधी ठरवले. परवानगीची रांग काढून टाकायची पण हिशेबाची वही काढायची नाही.

त्याहून मोठी गोष्ट बिघाडाची. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात एका कर्मचाऱ्याने थोडे सर्व्हर बाजूला काढण्यासाठी आज्ञा दिली. टाईप करताना चूक झाली आणि नको तितके सर्व्हर निघाले. सुमारे चार तास साठवणीची सेवा ढेपाळली आणि तिच्यावर उभी असलेली असंख्य कंपन्यांची कामे अडली. ‘सेवा चालू आहे की बंद’ हे दाखवणारा ॲमेझॉनचा फलकदेखील त्याच साठवणीवर अवलंबून होता, त्यामुळे तोही बराच वेळ जुनेच दाखवत राहिला. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचे एक गोदामच जळाले. ज्यांची दुसरी प्रत त्याच आवारात होती त्यांपैकी कित्येकांचे दोन्ही गेले.

पण सभासदांच्या संस्थेने लक्षात ठेवावे असे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. ‘युनिसुपर’ हा तिथला पेन्शन फंड, आपल्यासारखेच सभासद असलेला, संख्या सहा लाखांहून अधिक. त्यांनी आपले दप्तर गुगल क्लाऊडवर नेले होते आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले होते, म्हणजे शहाणपणानेच वागले होते. मे २०२४ मध्ये ती दोन्ही ठिकाणची व्यवस्था पुसली गेली. कारण पुढे गुगलने जाहीर केले. आधी व्यवस्था उभी करताना गुगलच्याच माणसांकडून एक रकाना कोरा राहिला होता. रकाना कोरा म्हणून संगणकाने एक वर्षाची मुदत धरली, आणि मुदत संपताच सारे आपोआप साफ केले. सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता येईना. त्यांनी एक प्रत गुगलव्यतिरिक्त दुसऱ्या कंपनीकडे ठेवली होती, तिची फंड सावरायला मोठी मदत झाली. एका कोऱ्या रकान्याने काय होते, हे नोंदणी फॉर्म भरणाऱ्या आमच्या खात्याने भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

आमचे मत विचाराल तर दप्तर क्लाऊडवर न्यावे. हंगामापुरती ताकद वाढवता येईल, गट ऑफिसातल्या चिटबॉयने बांधावर केलेली नोंद त्याच दिवशी शेतकी ऑफिसात दिसेल, आणि सभासदाला आपली लागण तारीख व पाळी मोबाईलवर स्वतः पाहता येईल. आजवर ती विचारायला कोणाच्या तरी टेबलापुढे उभे राहावे लागते, आणि टेबलापुढे उभे राहिले की पाळी पुढेमागे झाल्याचा संशय येतो. नोंद सर्वांना दिसली तर तो संशय कमी होईल, हा आम्हाला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

मात्र काटा ढगावर टांगायचा नाही. वजन आपल्याच आवारातल्या मशीनवर व्हावे, पावती तिथेच छापून गाडीवानाच्या हातात पडावी, आणि मग ती नोंद यार्डातल्या गाडीसारखी रांगेत उभी राहून रेंज येईल तेव्हा वर जावी. रेंज दिवसभर गेली तरी गव्हाण थांबता कामा नये. दुसरे, रोजची एक प्रत कारखान्यात आणि एक वेगळ्या कंपनीकडे, आणि वर्षातून एकदा हंगामाआधी त्या प्रतीवरून दप्तर खरोखर परत उभे करून बघायचे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे असते, उशिराला १५ टक्के व्याज. दप्तर अडकले हे कारण तिथे चालत नाही.

तिसरे कलम आम्हाला सर्वांत जिव्हाळ्याचे. करार संपवून निघायचे ठरले तर आपली सगळी नोंद, कोणत्याही प्रोग्राममध्ये उघडेल अशा साध्या तक्त्यात, ठरलेल्या मुदतीत परत मिळाली पाहिजे. एका विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेल्या जुन्या नोंदी सोडवताना आमच्या खात्याने जो मनस्ताप काढला आहे तो पुन्हा नको. माहिती परत नेण्याचेही भाडे लागू शकते, तो दर आजच लिहून घ्यावा. आणि दप्तर भारतातल्याच केंद्रात राहील, हेही.

हा मसुदा संचालक मंडळापुढे जाईल. त्याआधी चालू वर्षाच्या ऊस नोंदीचा छापील उतारा प्रत्येक गट ऑफिसात लावण्यात येत आहे. सभासदांनी गट नंबर, क्षेत्र, जात, लागण तारीख आणि खोडवा असल्यास तसा उल्लेख तपासून घ्यावा, फरक असल्यास गट ऑफिसात लेखी द्यावा. एकही रकाना कोरा दिसला तर तो आधी सांगावा.